मुक्कामाची जाग

परवा बेल्ह्याच्या बाजारात अचानक सर आली आणि सुकटवालीनं गोणपाट ओढायच्या आत तिचा ढीग भिजला. त्या ओल्या, खारट, उग्र वासानं मी भर गर्दीत उभाच राहिलो. आम्हा पिंपळवंडीकरांना समुद्र आधी भेटतो तो असा, नाकानं. मला मात्र हर्णैचा किनारा आठवला, आणि आबा.

आबांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला. संध्याकाळची वेळ, वाळूवर मासळीचा लिलाव चाललेला. होड्यांतली मासळी बैलगाड्यांनी काठावर येत होती. आबा मासळीकडे बघेचनात. पोटापर्यंत खाऱ्या पाण्यात शिरलेल्या बैलांकडे बघत राहिले. मग जाळं आवरणाऱ्या एका खलाशाला त्यांनी विचारलं, "एकटा माणूस येतो का हो कधी गलबत घेऊन?"

खलाशी म्हणाला, "एकटा आला तर झोपंल कधी?"

घरी येईपर्यंत आबा गप्प होते.

पुढे दिलीप दोंदे यांच्या सफरीच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा मला तो प्रश्नच आठवायचा. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली 'म्हादेई' घेऊन दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि मे 2010 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. शिडाच्या नौकेतून एकट्यानं हे करणारे ते पहिले भारतीय. या साऱ्याचा ध्यास घेतला होता व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत. समुद्राचं एवढं मोठं स्वप्न आपल्यासारख्याच कोरड्या मुलखातल्या गावात जपलं गेलं, याचा मला आजही फार आनंद होतो.

माझी तक्रार आहे ती त्या वेळच्या बातम्यांबद्दल. त्यात सागरी मैल होते, लाटांची उंची होती, केप हॉर्न होतं. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाऊन हे चार मुक्काम एका ओळीत उरकलेले. अभिलाष टॉमी पुढे 2013 मध्ये कुठेही न थांबता फेरी पुरी करून आले. त्या पराक्रमाचं मोल मी जाणतो, पण माझा जीव अडकतो थांबणाऱ्यांत. न्यूझीलंडमधलं लिटलटन म्हणजे डोंगरउतारावरचं छोटं बंदर. तिथल्या टेकडीवर 1876 पासून एक मनोरा होता. त्याच्या खांबावरचा मोठा गोळा ठरल्या वेळी खाली सोडत आणि बंदरातली जहाजं त्यावरून आपली घड्याळं जुळवून घेत. घड्याळ चुकलं की रेखांश चुकतो आणि रेखांश चुकला की जहाज खडकावर. परक्या जहाजांसाठी एक गाव वेळ सांभाळत होतं. दोंदे येऊन गेल्यावर 2011 च्या भूकंपांत तो मनोरा पडला. 2018 मध्ये तो पुन्हा उभारला गेला.

आणि एकट्या खलाशाची झोप? सुकाणू यंत्राच्या हवाली करून तो तुकड्यातुकड्यांनी डुलक्या घेतो. क्षितिजावर दिसलेलं जहाज पंधरा-वीस मिनिटांत अंगावर येऊ शकतं. शिडं शिवणं, दोर तपासणं, गोडं पाणी भरणं ही बंदरातली कामं खरीच. पण सलग झोप त्याला तिथेच मिळते, कारण तिथे जागं राहायला दुसरं कुणी असतं.

परक्याच्या येण्याची खूण आमच्याकडेही आहे. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाचा, म्हणजे परदेशी माणसाचा, लेख आहे. त्यानं इथं पाण्याच्या दोन टाक्या दान दिल्या. प्राचीन काळी कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. इरिल कुठल्या वाटेनं आला, इथं किती राहिला, लेख सांगत नाही. टाक्यांचं दान तेवढं सांगतो. शिलालेखाचा विषय काढला की लोक राजांची नावं विचारतात. मी इरिलचं सांगतो.

मुक्काम आमच्या शेतातही पडायचे, धनगरांच्या वाड्यांचे. दिवाळीनंतर पारनेरकडून मेंढरं निघत, घाट उतरून कल्याणकडे जात आणि पावसाच्या तोंडावर माघारी येत. रानात खत पडे, आई त्यांना बाजरी देई. एका वर्षी उसात बिबट्याचा माग दिसला. धनगराचं पोर तापानं फणफणलेलं, धनगराचे स्वतःचे डोळे जागरणानं लाल झालेले. आबांनी घोंगडी उचलली, बॅटरी घेतली नि त्याला म्हणाले, "तू पड आता. मी हाये."

रात्रभर ते मेंढरांच्या वाघराभोवती फेऱ्या मारत होते. पहाटे धनगरीण चूल पेटवताना मी तिला पुढची वाट विचारली. ती पिठाच्या हातानंच मोजू लागली: ओतूर, मढ, माळशेज, टोकावडे, मुरबाड. प्रत्येक गावाला ती तिथल्या माणसाचं नाव जोडत होती. पिंपळवंडीला तिनं आबांचं नाव जोडलं.