बारीक कणांची कैफियत

कल्याणपुढचा हा मुलूख, म्हणजे उल्हासनगरचे लहानमोठे कारखाने, अंबरनाथची नौदलाच्या पदार्थांचे संशोधन करणारी प्रयोगशाळा व स्वातंत्र्यानंतरच्या दशकात उभी राहिलेली आयुधनिर्माणी, आणि पलीकडे बदलापूरची औद्योगिक वसाहत, धातूंच्या सहवासात वाढला असला, तरी पोलाद आणि पितळ तपासण्यात ज्यांची हयात गेली त्या माझ्यासारख्यांनाही मॅग्नेशियमची मर्जी सांभाळावीच लागते. घनता अवघी १.७४, तुकडा हातात घेतला तर आतून पोकळ असल्याचा भास होतो. पाण्यावर पॉलिश केला की तो डागाळतो, म्हणून अखेरचा हात अल्कोहोलवर फिरवायचा. आणि लोकलच्या गर्दीतून आलेल्या घामट बोटाचा ठसा त्यावर राहिलाच, तर घामातील क्षार दुसऱ्या दिवशी त्या बोटाचा रीतसर पंचनामा लिहून ठेवतात.

पिक्रिक आम्लाच्या अल्कोहोलयुक्त द्रावणात नमुना क्षणभर बुडविला, की सूक्ष्मदर्शकाखाली कणसीमा उमटतात. मग तोच नमुना साडेतीन टक्के मिठाच्या पाण्यात, उलट्या ब्युरेटखाली ठेवावा: बुडबुडे चढू लागतात, आणि साठलेल्या हायड्रोजनचा प्रत्येक घनसेंटिमीटर सुमारे एक मिलिग्रॅम धातू गेल्याची कबुली देतो. इतका सरळ हिशेब आमच्या धंद्यात क्वचितच मिळतो.

“ग्रेन बारीक केली, आता गंज कमी ना?” असे कारखानदार विचारतात. शुद्ध वा अल्पमिश्रित मॅग्नेशियमच्या बाबतीत उत्तर बहुधा होकारार्थी असते. मात्र ज्यात नऊ टक्के अॅल्युमिनियम आहे त्या एझेड ९१ या मिश्रधातूमध्ये कणसीमांवर साठणारे संयुग अखंड जाळीसारखे पसरले तर तटबंदी ठरते, आणि विखुरलेल्या तुकड्यांत राहिले तर प्रत्येक तुकडा कॅथोड बनून शेजारच्या मॅग्नेशियमचाच ग्रास घेतो. लाटून बारीक केलेल्या कणांत राहिलेला ताण ही तर निराळीच तक्रार. त्यातही झिर्कोनियमचे प्रकरण मला सर्वांत मौजेचे वाटते: अॅल्युमिनियमविरहित रसात ते घातले, की कण बारीक होतात खरे, पण त्याच वेळी लोहाशी संयोग पावून ते त्याला भट्टीच्या तळाशी नेते, आणि शुद्ध मॅग्नेशियममध्ये लोह दहा लाखांत सुमारे १७० भागांपलीकडे गेले की क्षरण एकदम उसळते. मग श्रेय बारीक कणांचे, की गाळात गेलेल्या लोहाचे? म्हणून कणमापाच्या शेजारी लोहाचे प्रमाण आणि ओतण्यालाटण्याची हकीकत नोंदलेली नसेल, तर त्या अहवालावर मी सही करीत नाही.