सही नसलेली चिठ्ठी

तिरुवण्णामलैला निघालो तेव्हा माझ्या खिशात एक तक्रारअर्ज होता. दोन वर्षे खपून ज्या पाठ्यपुस्तकाचे मी संपादन केले, त्याच्या मुखपृष्ठावर भलत्याच गृहस्थांचे नाव छापून आले होते. "डोंगर चढायचाय, तो कागद तरी खोलीवर ठेवा आता," असे सौभाग्यवतींनी बजावले. मी ठेवला नाही.

रमणाश्रमाच्या मागून अरुणाचलावर दगडी पायवाट चढते. पुष्कळ जण ती अनवाणी चढतात. आमच्या शहरी तळव्यांनी दहाच मिनिटांत हात टेकले! वाटेत माकडांचा उच्छाद, आणि एका वळणावर एकदम खाली मोठ्या देवळाची गोपुरे. आधी स्कंदाश्रम लागतो, मग थोडे उतरून विरूपाक्ष गुहा. रमण महर्षी येथे 1899 ते 1916 पर्यंत राहिले. आत अंधार, उकाडा, आणि पाचसात माणसे इतकी स्तब्ध, की मला माझ्या धापांचीच लाज वाटली.

महर्षींची शिकवण एका प्रश्नात मावते: मी कोण? विचार आला, की तो कोणाला आला ते पाहावे. 'मला' असे उत्तर आले, की हा 'मी' उठतो कुठून ते शोधावे. वाचायला किती सोपे! मी डोळे मिटले, तो पुढे मुखपृष्ठच उभे. अपमान कोणाचा झाला? माझा. हा मी कोण? प्राध्यापक, एम. ए.! त्यापुढे गाडी हलेना.

मग ती चिठ्ठी आठवली. 1896 साली सोळा वर्षांचा वेंकटरामन मदुरेचे घर सोडून निघाला, तेव्हा त्याने ती मागे ठेवली होती. मी पडलो व्याकरणाचा माणूस. चिठ्ठी 'मी'ने सुरू होते. पुढे त्या 'मी'च्या जागी 'हे' येते. आणि शेवटी सहीच्या जागी नुसती रेघ. प्रथमपुरुष, मग नपुंसकलिंगी दर्शक सर्वनाम, मग काहीच नाही! थोरल्या भावाची फी भरायची राहिली आहे आणि सोबत दोन रुपये ठेवले आहेत, ही नोंद मात्र चोख.

परतीच्या गाडीत अर्ज उघडला. 'मी', 'मला', 'माझे' मोजले; एकोणीस भरले. एकेक खोडत गेलो. विल्लुपुरम येईतो तीन पानांच्या दोन ओळी उरल्या: पुढील आवृत्तीत संपादकाचे नाव दुरुस्त व्हावे, इतकेच. सौभाग्यवतींनी वाचून मान डोलावली.

"आणि सही हो?"

सही मी केली. एम. ए.सकट.