पॉपाय आणि पाठशुद्धि

संस्कृतच्या निवृत्त मास्तरानें पॉपाय खलाशावर लिहावें, हें कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. कार्टून म्हणजे पोरखेळ आणि अभ्यासाचा शत्रु, असें मीं स्वतःच वर्गांत चौतीस वर्षें सांगत आलों. परंतु मध्यंतरीं नातीशेजारीं बसून सात-आठ मिनिटांचा एक कृष्णधवल पट पाहिला आणि तेव्हांपासून एक जुनें शल्य मनांत सलूं लागलें आहे. तें येथें उघड करावें म्हणतों.

हा पट मीं लहानपणीं एकदां पाहिला होता. १९६७ च्या सुमारास गांवच्या शाळेच्या पटांगणांत चादर ताणून तो दाखविला होता. पडद्यावर सारखा पाऊस पडत होता, निदान आम्हां मुलांना तसें वाटलें. त्या झिजलेल्या फिल्मवरच्या रेघा होत्या, हें पुष्कळ वर्षांनीं कळलें. खलाशी मधून मधून ओठ न हलवितां कांहीं पुटपुटे. तो यंत्राचा दोष, असें आम्हीं ठरवून टाकलें. दुसऱ्या दिवशीं आमच्या घरीं पालकाची भाजी पहिल्याच पंक्तीला संपली, एवढाच त्या खेळाचा परिणाम माझ्या स्मरणांत राहिला.

नातीनें लावलेला पट तोच निघाला. १९३४ सालचा ‘अ ड्रीम वॉकिंग’. ऑलिव्ह झोंपेंत चालत चालत अर्धवट बांधलेल्या उंच इमारतीच्या लोखंडी तुळयांवर जाते. पाय पोकळींत पडणार, तोंच दुसरी तुळई नेमकी त्याखालीं येते. तिला वांचविण्याचा मान कोणाचा, यावरून पॉपाय आणि ब्लूटो यांची हाणामारी चालते. ज्या बाईसाठीं हें सारें, ती मात्र स्वस्थ निजलेली! या खेपेस पाऊस नव्हता. रात्रीच्या काळोखांत करड्या रंगाच्या किती छटा होत्या, हें मीं प्रथमच पाहिलें. आणि तें पुटपुटणेंही यंत्राचा दोष नव्हता. न्यूयॉर्कच्या मॅक्स व डेव्ह फ्लायशर या बंधूंच्या चित्रशाळेंत चित्रें आधीं तयार होत आणि संवाद मागाहून भरीत. त्यामुळें बोलणाऱ्या नटाला मधल्या जागेंत स्वतःचे शेरे घालण्यास मोकळीक मिळे. ज्याला आम्हीं दोष मानला, तो अलंकार होता!

मग जिज्ञासेनें थोडी माहिती मिळविली. १९८० नंतरच्या दशकांत हे कृष्णधवल पट रंगीत करण्यासाठीं त्यांचीं चित्रें कोरियांत नव्यानें गिरवून घेतलीं गेलीं. गिरवितांना बारीक तपशील गळाले आणि हालचालींतली लय बिघडली. पुढें २००७ सालीं वॉर्नर कंपनीनें १९३३ ते १९३८ मधील पट स्वच्छ करून मूळ कृष्णधवल रूपांत प्रसिद्ध केले. हें वाचतांना पुण्याची भांडारकर संस्था आठवली. तेथील पंडितांनीं १९१९ ते १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. नाना पोथ्या ताडून पाहिल्या आणि प्रक्षेप वेगळे काढले. परंतु ते फेंकून न देतां टीपांत व परिशिष्टांत जपून ठेविले. न जाणो, आपलीच चूक होत असेल!

ही सावधगिरी फिल्मलाही लागते. पडद्यावर एका सेकंदांत चोवीस चौकटी सरकतात. म्हणजे सात मिनिटांत दहा हजारांवर. धूळ ओळखण्यासाठीं यंत्र एक चौकट तिच्या मागच्या-पुढच्या चौकटींशीं ताडून पाहतें. एकाच चौकटींत दिसणारा ठिपका धूळ समजून पुसतें. परंतु चित्रकारानें काढलेली वेगानें हलणारी रेघही त्या जागीं एकाच चौकटींत असते. स्वच्छतेचा हव्यास झाला कीं धुळीबरोबर ती रेघही जाते. म्हणून शेवटीं जाणत्या माणसाची नजर लागते.

हें वाचलें आणि मीं पुस्तक मिटलें. कारण अशी एक स्वच्छता माझ्या हातूनही झाली आहे. आठवीच्या वर्गांत एका मुलानें शब्दरूपांच्या वहीच्या कोपऱ्यांत पानोपानीं एक छोटा माणूस काढला होता. पानें भरभर सोडलीं कीं तो धांवे आणि उडी मारी. मीं वही पुसून स्वच्छ करण्याची आज्ञा केली. तो माझ्यासमोर बसून एकेक पान रबरानें पुसत राहिला. शेवटचें पान आलें तेव्हां तास संपला होता. रडला नाहीं, कांहीं बोललाही नाहीं. दुसऱ्या दिवशीं वही निर्मळ पाहून मीं त्याला शाबासकी दिली! त्यानंतर त्यानें कधीं कांहीं काढलेलें मला दिसलें नाहीं.

फ्लायशर बंधूंच्या चित्रांची जुनी फिल्म कोठें तरी जपलेली होती, म्हणून तीं परत आलीं. त्या वहीची दुसरी प्रत नव्हती.

परवां सूनबाई म्हणाल्या, “बाबा, हिनें गणिताची वही पाहा कशी केली आहे, जरा रागवा तिला.” नात भिंतीशीं उभी होती. मीं वही घेतली, कोपरा अंगठ्याखालीं धरला आणि पानें सोडलीं. एक मांजर धांवत गेलें आणि शेवटच्या पानावर दूध प्यायलें. “आजोबा, अजून शेपटी नीट हलत नाहीं,” ती हळूच म्हणाली. मीं तिला कोरी वही आणून दिली. गणितही तिच्याकडून करून घेतलें.

वाचकहो, आपल्या घरांतही अशी एखादी वही निघेल. पुसावयास सांगण्यापूर्वीं एकदां तिचीं पानें भरभर सोडून पाहावीं, एवढीच या म्हाताऱ्या मास्तराची विनंती.