बोहारणीच्या गाठोड्यातील स्वेटर

पश्चिम दिल्लीतील रघुवीरनगरात घोडामंडी नावाचा बाजार भरतो. भरतो तो भल्या पहाटे, आणि ऊन चढू लागेपर्यंत त्यातील बराचसा माल उठूनही जातो. आपल्याकडे बोहारीण भांड्यांची टोपली घेऊन वाड्यावाड्यांतून फिरे आणि जुन्या जरीच्या लुगड्यावर एक पातेले देण्यासाठी तासभर घासाघीस करी, ती वाचकांच्या स्मरणात असेल. दिल्लीच्या बोहारणी बहुतेक वाघरी समाजाच्या. त्यांनी दिवसभर कोठ्याकोठ्यांतून जमवलेली गाठोडी येथे सुटतात. सरकारी नोकरीची २८ वर्षे दिल्लीत काढताना आम्ही कुतुबमिनारही जितक्या वेळा पाहिला नसेल, तितक्या वेळा हा बाजार पाहिला.

कारण आम्हांस क्रिकेटचे जुने कपडे जमवण्याचा छंद आहे. दुकानातले नव्हेत, कोणीतरी अंगात घालून मैदानावर उतरलेले. अमेरिकेत या छंदाने मोठ्या व्यापाराचे रूप घेतले आहे. बेब रूथ १९३२च्या वर्ल्ड सीरिजमध्ये जो बेसबॉलचा सदरा घालून खेळला, तो २०२४ साली २ कोटी ४१ लाख डॉलरांना विकला गेला. त्याच वर्षअखेर सिडनीत ब्रॅडमनची एक टोपी, १९४७-४८च्या भारताविरुद्धच्या मालिकेतली, पावणेपाच लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलरांना गेली. आमची उलाढाल शंभर-दोनशे रुपयांपलीकडे सहसा जात नाही, आणि तेवढ्याचाही हिशेब घरी द्यावा लागतो.

बेसबॉलवाल्यांची एक सोय असते. सदऱ्याच्या पाठीवर क्रमांक असतो. न्यूयॉर्क यांकीज संघाने १९२९ साली फलंदाजीच्या क्रमानुसार ते दिले आणि म्हणून रूथ तीन नंबरचा झाला. कसोटी क्रिकेटच्या पांढऱ्या सदऱ्यावर नाव आणि क्रमांक आले ते थेट २०१९ साली. त्यापूर्वीचा कपडा कोणाचा, हे ओळखायचे कसे? आम्ही रफू पाहतो, डाग पाहतो आणि धोब्याची खूण पाहतो. बिब्ब्याच्या रसाने कॉलरच्या आत घातलेली ती टिंबे कपडा विरला तरी पुसत नाहीत. परंतु धोबी गेला की त्या लिपीचा एकमेव वाचकही जातो.

सहा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आम्हांस या बाजारात एक साय रंगाचा, वेणीच्या विणीचा लोकरी स्वेटर मिळाला. गळ्याला दोन रंगांची किनार. गळपट्टीच्या आत नावाची फीत होती. तिचा आरंभ फाटून गेला होता आणि शेवटचे इंग्रजी अक्षर तेवढे उरले होते : 'ए'. "कँटोनमेंट का माल है, बाबूजी," बाई म्हणाली. तिने साठ रुपये सांगितले. आम्ही, सवयीविरुद्ध, साठच दिले.

कँटोनमेंट आणि 'ए'! आमच्या डोक्यात एकच नाव आले. पुण्यात जन्मलेले, सैन्यात अधिकारी असलेले आणि आडनावानेही अधिकारीच असलेले हेमू अधिकारी. कोटला मैदानावरच्या पहिल्या कसोटीत, १९४८ साली, वेस्ट इंडीजने ६३१ धावा केल्या, तेव्हा ते ११४वर नाबाद राहिले. १९५२ साली पाकिस्तानविरुद्ध त्याच मैदानावर गुलाम अहमदांना हाताशी धरून त्यांनी शेवटच्या जोडीसाठी १०९ धावा जोडल्या. तो भारतीय विक्रम २००४पर्यंत टिकला. ब्रॅडमनच्या ज्या टोपीचा वर उल्लेख आला, त्या मालिकेतही ते होते. दिल्लीत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला याहून जवळचा वीर कोण? गणेशोत्सवात आम्ही या स्वेटरावर पाऊण तास व्याख्यान दिले. टाळ्या पडल्या. 'असावा' हा शब्द आम्ही आरंभी दोनदा वापरला. शेवटी वापरला नाही.

त्या व्याख्यानाची वार्ता गुरुग्रामच्या एका गृहस्थांपर्यंत गेली. त्यांनी पाऊण लाख रुपये देऊ केले. निवृत्तीला चार महिने उरले होते, सरकारी घर सोडायचे होते आणि नोएडातील घराचा शेवटचा हप्ता डोक्यावर होता. आम्ही होकार कळवला.

देण्याच्या आदल्या रात्री स्वेटर उलटा करून झाडत असता बगलेखालच्या शिवणीत दुमडून गेलेली एक बारीक पट्टी हाताला लागली. धुऊन धुऊन फिकट झालेली, तरी वरची लोकरीच्या गुंड्याची आकृती स्पष्ट होती. शुद्ध लोकरीची ही वूलमार्क खूण १९६४ साली प्रचारात आली. अधिकाऱ्यांचा शेवटचा कसोटी सामना १९५९च्या फेब्रुवारीत झाला.

पट्टी दोन टाक्यांवर होती. आम्ही कात्री आणली. त्या क्षणी मनात हप्ता होता असे म्हणणे सोयीचे आहे. खरे तर त्या टाळ्या होत्या. पाऊण तास ज्यांनी ऐकले, त्यांच्यासमोर पुन्हा उभे राहण्यापेक्षा दोन टाके उसवणे सोपे होते.

"अहो, उसवताय की शिवताय?" सौभाग्यवतींनी दारातून विचारले. चष्मा नव्हता म्हणून त्यांना दिसत नव्हते, एवढेच. आम्हांस उत्तर सुचेना. कात्री टोपलीत ठेवली.

गृहस्थांना दुसऱ्या दिवशी पट्टी दाखवली. ते हसून म्हणाले, "एवढेच ना? कापून टाका, मी पाहिली नाही असे समजा." आम्ही स्वेटर परत पिशवीत घातला. हप्ता भविष्यनिर्वाह निधीतून गेला. पुढच्या गणेशोत्सवात पाच मिनिटे मागून खुलासा केला. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत, मात्र एका वयोवृद्ध श्रोत्याने स्वेटर हातात घेऊन खालच्या काठाजवळचा तांबूस पट्टा दाखवला. चेंडू घासून घासून पडलेला. "हा गोलंदाज असणार हो," ते म्हणाले. तो पट्टा आम्ही पहिल्याच दिवशी पाहिला होता; फलंदाजाचे नाव डोक्यात बसल्यावर तो दिसेनासा झाला होता.

आता त्यावर चिठ्ठी आहे : 'नाव अज्ञात. १९६४ नंतरचा. बहुधा गोलंदाज.' गेल्या पौषात थंडीची लाट आली, तेव्हा सौभाग्यवतींनी तो खुशाल अंगात घातला. आम्ही दचकलो. डांबराच्या गोळ्यांचा वास येतो अशी त्यांनी दिवसभर तक्रार केली, पण रात्रीपर्यंत काढला नाही.