सम

लष्कर भागातल्या आमच्या गॅरेजमध्ये मी सगळ्यात आधी शिकलो ते दात मोजायला. मोटारसायकलची चेन ज्यावर फिरते त्या स्प्रॉकेटच्या एका दातावर खडूची खूण करायची, बोट ठेवत पुढे सरकायचं आणि खुणेपाशी परत आलं की आकडा मोठ्याने म्हणायचा. काका तो भिंतीवर लिहीत. पुढे 14, मागे 42. म्हणजे तीनपट: पुढचं छोटं स्प्रॉकेट तीनदा फिरेल तेव्हा मागचं चाक एकदा.

घरी आजोबा तबल्याच्या शिकवण्या घेत. तीनतालाच्या 16 मात्रांत 24 बोल बसवले की झाली आडलय, दीडपट. मला गिअरचं गुणोत्तर खरं उमगलं ते त्यांच्या हातावरच्या टाळीतून. 14 आणि 42 असले की दोन्ही स्प्रॉकेटवरच्या खुणा मागच्या चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला आपापल्या जागी येतात. मागे 43 लावलं, की त्या पुन्हा एकत्र यायला मागच्या चाकाला 14 फेरे घ्यावे लागतात आणि पुढच्या स्प्रॉकेटला 43. हे आजोबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे तुझी सम लांब गेली.” सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथे सगळे पुन्हा एकत्र येतात. काही मोटारींच्या मागच्या एक्सलमध्ये क्राउनला 41 आणि पिनियनला 9 दात ठेवतात, त्यात हीच युक्ती आहे. ठरावीक दोन दात पुन्हापुन्हा एकमेकांवर येत नाहीत, झीज सगळ्यांत वाटली जाते.

मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या मोटारसायकली मी तयार करू लागलो तेव्हा या आकड्यांना जीव आला. पुढचा एक दात कमी करणं आणि मागचे तीन वाढवणं जवळजवळ सारखंच: 13 वर 42 म्हणजे 3.23, आणि 14 वर 45 म्हणजे 3.21. गुणोत्तर वाढलं की वळणातून गाडी उसळून बाहेर पडते, पण सरळ पट्ट्यावर इंजिनाचा दम लवकर संपतो. एकदा वळणातली ती उसळी मिळवायच्या हट्टापायी मी मागे फार मोठं स्प्रॉकेट चढवलं. पहिल्या दोन फेऱ्या गाडी चालवणारा पोरगा सगळ्यांच्या पुढे होता. तिसऱ्या फेरीत, लांब पट्ट्यावर इंजिन किंचाळत असतानाच पिस्टन चिकटला. त्याला गाडी ढकलत परत येताना पाहिलं आणि मला कळलं, की मी पट्टा मोजलाच नव्हता.

म्हणूनच अमेरिकेत स्टॉक कारच्या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेचा गुणोत्तराचा नियम मला मनापासून पटला. स्टॉक कार म्हणजे मुळात बाजारात मिळणाऱ्या मोटारींवरून आलेल्या शर्यतीच्या गाड्या. त्यांच्या चौथ्या, थेट गिअरमध्ये इंजिनाचे फेरे जसेच्या तसे मागच्या एक्सलपर्यंत पोचत, आणि तिथलं गुणोत्तर वेग ठरवी. टायरचा व्यास 28 इंच, म्हणजे घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. इंजिन मिनिटाला 9,000 फेरे घेतंय आणि एक्सलचं गुणोत्तर 4 आहे असं धरलं, तर वेग ताशी 300 किलोमीटरच्या थोडा वर जातो. गुणोत्तर 4.2 केलं की तेवढ्याच फेऱ्यांत तो 287 वर येतो, पण ओढ वाढते. ही ओढ हवी म्हणून संघ गुणोत्तर वाढवत गेले, आणि त्याच्या भरपाईला इंजिन अधिकाधिक फेऱ्यांना पळवत गेले. एवढे फेरे सोसणारी इंजिनं बांधायला अफाट पैसा लागतो. 2005 पासून नॅसकारने कप या आपल्या सर्वोच्च मालिकेत कोणत्या ट्रॅकवर कोणतं गुणोत्तर वापरायचं ते ठरवून द्यायला सुरुवात केली. इंजिनाचे फेरे आपोआप आटोक्यात आले. 2022 च्या नव्या गाडीत तर गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल एकत्र जोडणारा पाच गिअरचा ट्रान्सअ‍ॅक्सलही सगळ्यांना एकाच पुरवठादाराकडून मिळू लागला.

मेकॅनिकच्या हातातली गंमतच काढून घेतली, असं माझ्या ओळखीचे काही जण म्हणतात. मला आजोबांच्या खोलीतली बंदिश आठवते. ग्वाल्हेर गायकीत स्थायी-अंतरा आधी नीट, पुरा मांडायचा, मग विस्तार. शब्द तेच, ताल तोच, सम तिथेच. तरी दोन गवयांची एकच बंदिश दोन तऱ्हांनी उजळते, कारण सगळं ठरलेलं असलं की कान बारीक होतो.

मूळ गाडीचीच स्प्रॉकेट ठेवायची अशी अट असली, की माझंही तसंच होतं. दात बदलता येत नाहीत, म्हणून मी चेनचा ढिलेपणा बोटाने दाबून पाहतो. 25 ते 30 मिलिमीटर असला की बरा. दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का ते दोरा धरून बघतो. टायरमधली हवा उन्हाप्रमाणे बदलतो. आणि सर्वांत जास्त वेळ पोराबरोबर ट्रॅकवर पायी फिरतो: थ्रॉटल कुठे सोडायचा, कुठे उघडायचा, कोणत्या खड्ड्याच्या डावीकडून जायचं. आकडे हातात होते त्या वर्षांत मी हे केलं नव्हतं.

आता गॅरेजमध्ये नवा मुलगा येतो तेव्हा त्यालाही मी खडू देतो. तो दात मोजतो, मोठ्याने म्हणतो आणि विचारतो, “काका, हे बदलायचं का?” मी म्हणतो, “आधी चल, पट्टा मोजून येऊ.”