रिकामी जमीन

स्मरणिकेसाठी ‘आपल्या यशाचा प्रवास’ लिहून पाठवावा, असा शाळेचा निरोप आला, तेव्हा काही दिवस मी उत्तरच दिले नाही. सल्लागार कंपनीतील भरपूर पगाराची नोकरी सोडून मी आंतरराष्ट्रीय विकासाच्या कामात आले, ही हकिगत समारंभात सांगितली की टाळ्या पडतात. परंतु समारंभात मी ती अर्धीच सांगते. उरलेली अर्धी आपल्या माणसांपुढे मांडते.

सातवीत माझ्या बाकावर खालापूरकडील एका कातकरी वाडीतली मुलगी बसत असे. गणितात ती माझ्या पुढे होती. दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही वसतिगृहात परतलो. ती परतली नाही. धाकट्या भावाला सांभाळायला आईबापांनी तिला वीटभट्टीवर नेले होते. भाताची कापणी-झोडणी आटोपली की कर्जत-खालापुरातल्या कितीतरी कातकरी वाड्या अशाच ओस पडतात. अडचणीच्या दिवसांत मुकादमाकडून घेतलेला बयाणा फेडायला नवराबायको विटांच्या नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. हजेरीपटावर तिच्या नावापुढे महिनोन्‌महिने गैरहजेरीची खूण पडत राहिली. पुढच्या वर्षी नावच नव्हते. वसतिगृह कशासाठी असते, हे मला तिच्या रिकाम्या खाटेवरून कळले.

पुढे शिष्यवृत्त्या मिळत गेल्या आणि मी मुंबईत सल्लागार झाले. एकदा एका ग्राहकाला द्रुतगती मार्गालगत गोदामासाठी जागा सुचवायची होती. खालापूर तालुका त्या दृष्टीने सोयीचा; एका हाताला मुंबई, दुसऱ्या हाताला पुणे आणि उरणचे बंदरही फार दूर नाही. पाहणी झाली फेब्रुवारीत. छायाचित्रांत कारवीच्या कुडाची काही बंद घरे दिसत होती, माणूस एकही नव्हता. सातबाऱ्यावर एकाच मालकाचे नाव. दुसऱ्याच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या वाडीची नोंद त्यात कुठून असणार? ती वाडी कोणाची, हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होते. मी वरिष्ठांना सांगितलेही. “कागदावर आहे तेवढेच लिहा,” असे उत्तर आले. मी लिहिले : ‘रिकामी जमीन, वस्ती नाही.’

त्यानंतर लगेच राजीनामा दिला असता, तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. मी आणखी दोन वर्षे त्याच खुर्चीवर होते. खोपोलीच्या घराचे हप्ते चालू होते, वडील कारखान्यातून निवृत्त झाले होते, धाकट्या भावाचे शिक्षण व्हायचे होते. आपल्यासारख्या घरांतून पहिल्यांदाच असा पगार येतो, तेव्हा तो एकटीचा नसतो. नोकरी सोडण्याचे आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “बाय, आपल्याला कुणी दिलं नाही, म्हणून तू कमवायला शिकलीस. आता सोडून कुणाचं भलं करायला निघालीस?” तिचे चुकले होते असे मला आजही वाटत नाही. हप्ते संपले, मगच मी निघाले.

त्या दिवसांत एका गोष्टीचा आधार वाटे. १९१७ साली लंडनहून परतलेल्या बाबासाहेबांनी पुढे मुंबईत समभाग व रोखे यांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. सल्लागार अस्पृश्य आहे, हे कळताच ग्राहक येईनासे झाले आणि तो बंद पडला. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान की मोठा, हे नुसत्या क्षेत्रावरून ठरत नाही, त्यावर राबणारे श्रम आणि भांडवल यांच्या प्रमाणावरून ठरते. शेतीवर काम नसलेल्या हातांचा भार आहे, तो उद्योगांनी उचलावा, अशी त्यांची मांडणी आहे. भट्टीकडे निघालेल्या जोडप्यांचे अर्थशास्त्र मला प्रथम तिथे उमगले.

माझे पहिले परदेशी काम नेपाळात होते. भक्तपूर परिसरातील वीटभट्ट्यांवर रोल्पासारख्या डोंगरी जिल्ह्यांतून कुटुंबे येतात; हंगाम हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत. मुकादमाला तिथे ‘नाइके’ म्हणतात आणि बयाण्याला ‘पेश्की’. देवनागरीत लिहिलेला तो शब्द वाचला आणि दुभाष्याची गरज उरली नाही. भारतात वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ साली झाला, नेपाळात कमैया पद्धत २००० साली बंद झाली. उचल मात्र दोन्हीकडे चालूच आहे. आमची घरोघर पाहणी माघात, त्यांच्या मूळ गावी व्हायची होती. मी म्हटले, तेव्हा घरांना कुलपे असतील, भट्टीवर चला. ‘हा आकडा कोणी, कुठे, कोणत्या महिन्यात घेतला?’ हे विचारण्याची सवय सल्लागारीतलीच. ती मी टाकून दिली नाही.

हे क्षेत्र पवित्र आहे, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. माझा एका दिवसाचा प्रवासभत्ता भट्टीवरच्या जोडप्याच्या कित्येक दिवसांच्या मजुरीहून अधिक असे. इथेही सुबक तक्ते असतात. तिथे जमिनीला ‘रिकामी’ म्हणत, इथे माणसांना ‘लाभार्थी’ म्हणतात. आपल्या मुलांनी यात यावे का, असे पालक विचारतात. यावे, पण घरचे कर्ज फेडून यावे, एवढेच मी सांगते.

गेल्या श्रावणात त्या वाडीवर गेले. गोदाम उभे आहे, कुंपणापलीकडे ओढ्याच्या काठी घरे सरकली आहेत. माझ्या मैत्रिणीची आई ओट्यावर बसली होती. मुलगी पनवेलकडे असते, म्हणाली. मग बराच वेळ माझ्याकडे पाहून तिने विचारले, “मोजणीवाले आलं तवा तू कुठं व्हतीस, बाय?”

“मुंबईला,” मी म्हणाले. “त्यांचे कागद लिहीत होते.”

तिने सरकून ओट्यावर जागा केली. मी बसले.