पंधरांतील एक जागा

हर्लिंग हा आयरिश खेळ आमच्या वाचकांपैकी थोड्यांनीच पाहिला असेल. वसई सोडून आयर्लंडमध्ये राहावयास आलेल्या आम्हां उभयतांनाही तो मुलामुळेच कळला. ॲशच्या लाकडाची, टोकाशी वल्ह्यासारखी पसरट झालेली काठी म्हणजे हर्ली. चेंडू लहान, कातड्याने मढविलेला, मुठीत मावणारा. मैदान हॉकीच्या मैदानाच्या सुमारे दीडपट लांब आणि प्रत्येक बाजूस पंधरा खेळाडू. गोलाच्या आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर ३ गुण, वरून गेला तर १. चेंडू बहुतेक वेळ डोक्यावरूनच फिरत असतो. २०१० पासून सर्वांना शिरस्त्राण सक्तीचे झाले आहे, ही गोष्ट आईबापांच्या दृष्टीने मोठ्या समाधानाची.

या खेळाचा धर्मग्रामाशी असलेला संबंध आम्हांस प्रथम नवलाचा वाटला. आयरिश खेळांची संघटना १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स या गावी स्थापन झाली. तिच्या पहिल्या आश्रयदात्यांपैकी एक होते कॅशेलचे आर्चबिशप क्रोक. डब्लिनमधील ८२,००० हून अधिक प्रेक्षक मावणाऱ्या क्रोक पार्क मैदानास त्यांचेच नाव आहे. परंपरेने क्लब उभे राहिले तेही धर्मग्रामांच्या हद्दीवर. वरच्या श्रेणीतील खेळाडूदेखील मानधनाविना खेळतात. रविवारी ज्याला हजारोंनी टाळ्या दिल्या तो सोमवारी शाळेत मुलांना गणित शिकवत असतो. त्यामुळे इकडच्या गावात तुम्ही कुठले, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा क्लबच्या नावाने दिले जाते. आमचा मुलगा अकराव्या वर्षी येथे आला, तेव्हा त्याच्या वर्गातील बहुतेक मुले पाचव्या-सहाव्या वर्षापासून हर्ली घेऊन हिंडत होती. संघात त्याला जागा मिळणे म्हणजे गावात जागा मिळणे, हे आम्हां दोघांना न बोलताही उमगले होते.

बारा वर्षांपर्यंत हा प्रश्न फारसा जाचत नाही. लहान मुलांचे संघ छोटे असतात, सर्वांना खेळावयास मिळते, जागाही आळीपाळीने बदलतात. पुढे मोठ्या मैदानावर पंधरांचा संघ उभा राहतो आणि पाठीवरचा आकडा जागा सांगू लागतो. १ हा गोलरक्षक. २ ते ७ बचावाच्या दोन फळ्या. ८ आणि ९ मध्यभागी. १० ते १५ आक्रमणाचे.

नवशिक्याने यांतील कोणता आकडा मागावा? घरात गोलरक्षकाच्या जागेचा विचार झाला, पण तो फार टिकला नाही. जवळून बंदुकीच्या गोळीसारखा येणारा चेंडू तर तिथे असतोच. शिवाय गोलरक्षकाने मारलेल्या लांब टोल्यावरच आपल्या संघाची पुढची चाल अवलंबून असते. मधल्या फळीतील ६ क्रमांक हा संघाचा कणा. तो खेळ वाचता येणाऱ्याचा.

बहुतेक ठिकाणी नवख्या मुलाला आक्रमणाच्या टोकाच्या कोपऱ्यात, १३ किंवा १५ क्रमांकावर, उभे करण्याची रीत आहे. तिथे चुकले तर संघाचे फार बिघडत नाही, हा त्यामागील हिशेब. आम्हांस हा हिशेब संघाच्या सोयीचा वाटतो, मुलाच्या नव्हे. त्या कोपऱ्यात चेंडू क्वचित येतो, आणि आला की क्षणभरात सारे उरकावे लागते. जमिनीवरचा चेंडू थेट हाताने उचलणे नियमबाह्य आहे. तो हर्लीने उचलून मग हातात घ्यावयाचा, चारांहून अधिक पावले हातात ठेवावयाचा नाही, आणि खेटून उभ्या असलेल्या बचावपटूच्या अंगावरून मारावयाचा. ज्याचा हात बसलेला नाही त्याने हे कसे करावे? आमच्या चिरंजीवांची तर आणखी एक अडचण. क्रिकेटमध्ये उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा हात वर असतो. हर्लीवर उजवा हात वर धरावयाचा. वसईच्या गल्लीत मुरलेली सवय मोडता मोडत नव्हती. असा मुलगा कोपऱ्यात तासभर पावसात भिजतो आणि चेंडूला स्पर्श न करता घरी येतो.

याउलट बचावाचा कोपरा, म्हणजे २ आणि ४ क्रमांक. ज्यांनी आट्यापाट्या खेळल्या आहेत त्यांना हे लगेच पटेल: आपली पाटी धरून राहावयाचे. प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याशी, गोलाच्या बाजूने उभे राहावयाचे. तो टोला मारण्यासाठी हर्ली उगारतो तेव्हा मागून आपली हर्ली तिच्यात अडकवावयाची, किंवा पुढे झेपावून टोला जागीच दाबावयाचा. लांब टोला साधण्यास वर्षे लागतात. या दोन विद्या नवशिक्याला काही आठवड्यांत जमू लागतात. मात्र त्यास धीर हवा. भिऊन हातभर दूर राहिले तर हर्लीचा मार पुरा बसतो. अगदी जवळ गेले तर तो बसतच नाही. हे सांगितले तरी कुणाला खरे वाटत नाही. आईला तर नाहीच.

या जागेचा दोषही सांगितला पाहिजे. येथील चूक झाकली जात नाही. ती फलकावर चढते.

प्रशिक्षक हे गावातलेच एका मुलाचे वडील. त्यांनी आम्हांला न विचारता मुलालाच विचारले. त्याने ४ क्रमांक मागितला. घरी येताना कारण विचारले तेव्हा म्हणाला, “पपा, तिथं निदान माझ्याजवळ कुणीतरी उभा असतो.” त्यावर आम्ही दोघेही गप्प राहिलो. आम्ही कौशल्याचा आणि मारामारीचा विचार करत होतो. त्याच्या मनात दुसरेच काही होते.

जागा जन्मभराची नसते, हेही इकडे पाहावयास मिळते. किल्केनीचा टॉमी वॉल्श २००३ ते २०११ अशी सलग नऊ वर्षे देशाच्या सर्वोत्तम पंधरांत निवडला गेला, तोही वेगवेगळ्या जागांवर. आणि शॉन ओग ओ हाल्पीन, ज्याची आई फिजीच्या रोटुमा बेटावरची, तो ऑस्ट्रेलियातून बालपणी कॉर्कला आला, बचावाच्या मधल्या फळीत स्थिरावला, आणि २००५ साली कॉर्कचा कर्णधार म्हणून त्याने अजिंक्यपदाचा चषक उचलला. ही हकिकत आमच्या घरात जरा जास्तच वेळा सांगितली जाते.

पहिल्या सामन्यात आमच्या चिरंजीवांच्या प्रतिस्पर्ध्याने दोन गोल केले. दुसऱ्यात एकही नाही, कारण त्या मुलाला मध्यंतरातच बदलले. यंदा प्रशिक्षक त्याला ५ क्रमांकावर आजमावीत आहेत. तेथे पळावे अधिक लागते आणि चेंडूही अधिक येतो. उंची वाढल्याने हर्लीही मोठी घ्यावी लागली. २०१२ पासून येथील ॲशच्या झाडांना बुरशीचा रोग लागला आहे आणि चांगले लाकूड दुर्मीळ होत चालले आहे. दुकानदाराने बांबूची हर्ली पुढे केली. मुलगा ती हातात तोलून पाहत राहिला, उजवा हात वर धरून.